जिन्यातले सल्ले

मुलं त्यांना घाईबाई म्हणायची आणि हे बाईंना ठाऊक होतं. हे नाव पहिल्यांदा कुणी ठेवलं याचा छडा लावायचं त्यांनी एकदा मनावर घेतलं होतं, पण तेवढ्यात तासाची घंटा झाली आणि ते राहून गेलं. पुढे पुढे त्यांना नाव पटलंच. शिक्षकखोलीच्या दारावरच्या आरशात त्यांनी एकदा स्वतःला जाताना पाहिलं होतं: एका हातात पेपरांचा गठ्ठा, दुसऱ्या हातात प्रयोगशाळेच्या किल्ल्या, तोंडात लाल पेन, आणि शरीर डोक्याच्या मागून येतंय. अशा बाईला दुसरं काय म्हणणार?

बाई विज्ञान विभागाच्या प्रमुख होत्या. हे पद ऐकायला भारदस्त. त्यांची नणंद चारचौघांत ओळख करून देताना सांगायची, "आमची वहिनी शाळेत हेड आहे हं." बाई संकोचून दुरुस्ती करायच्या, "हेड नाही गं, नुसती विभागाची प्रमुख."

"म्हणजे हेडच ना?"

"हेड असते तर बसायला खुर्ची मिळाली असती."

यात अतिशयोक्ती नव्हती. विभागप्रमुखांची जागा म्हणजे प्रयोगशाळेमागची अडगळीची खोली. काचेची दोन कपाटं, मोडके तराजू, तळाला पांढरे डाग पडलेले चंबू, गळका नळ आणि एक स्टूल. स्टुलाचा एक पाय आखूड, म्हणून त्याखाली जुन्या प्रश्नपत्रिकांची घडी. त्या प्रश्नपत्रिका बाईंनीच काढलेल्या होत्या. आपल्या विद्वत्तेचा इतका सरळ उपयोग आयुष्यात दुसरा कुठलाच झाला नाही, असं त्या स्वतःच सांगायच्या.

पदाबरोबर किल्ल्यांचा जुडगा मिळाला होता, ज्यात नेमकी मोठ्या कपाटाची किल्ली नव्हती. आणि मिळाले होते आठवड्यातले काही मोकळे तास, विभागाच्या कामासाठी. सहकाऱ्यांच्या वर्गात बसून बघावं, नव्यांना हाताशी धरावं, प्रश्नपत्रिका तपासाव्यात, तुटलं-फुटलं मोजावं. वेळापत्रकात हे तास कोऱ्या चौकोनांसारखे दिसायचे, आणि शाळेत कोरा चौकोन कुणालाच बघवत नाही. उपमुख्याध्यापकांना तर मुळीच नाही.

उपमुख्याध्यापकांना सगळे चिठ्ठीसर म्हणत. रोज सकाळी कोण आलं नाही ते बघायचं आणि त्या वर्गांवर कुणाला तरी बदली म्हणून धाडायचं, हे त्यांचं काम. माणूस वाईट नव्हता. फक्त त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारचे शिक्षक होते, वर्गात असलेले आणि वर्गात पाठवता येण्याजोगे. त्यांची चिठ्ठी घेऊन शिपाई मावशी यायच्या. दारात उभ्या राहून त्या इतक्या मायेनं विचारायच्या, "बाई, तुम्ही मोकळ्याच आहात ना?" की नाही म्हणायला जीभ रेटायचीच नाही. बाई म्हणायच्या, "बघते." आणि मग जायच्या. कधी सहावीला शिवण, कधी आठवीला इतिहास. इतिहासाच्या तासाला त्या मुलांना शांतपणे वाचायला सांगायच्या, आणि मुलं शांतपणे दंगा करायची.

घरी आल्यावर मात्र बाईंच्या जिभेला धार चढायची. त्यांचे यजमान रंगांच्या दुकानात नोकरीला होते आणि बाईंच्या आधी घरी पोचायचे. ते भाजी चिरायचे आणि बाई ओट्याला टेकून आपल्याला वेळ कसा मिळत नाही याचं साग्रसंगीत वर्णन करायच्या. ते वर्णन इतकं सविस्तर असायचं की तेवढ्या वेळात एक प्रश्नपत्रिका सहज निघाली असती. हे त्यांच्याही लक्षात यायचं, पण भाषण अर्ध्यावर सोडायचं म्हणजे जिवावर येई.

"तू एकदा नाही म्हणून बघ ना," यजमान म्हणाले.

"म्हणणार आहे."

"मग करून दाखव. मी तुझा चिठ्ठीसर." त्यांनी सुरी खाली ठेवली, पोट जरा पुढे काढलं. "बाई, मोकळ्या आहात ना?"

"नाही."

"अहो, पाचच मिनिटं."

"बरं, पण पाचच हं," बाई म्हणाल्या.

यजमानांनी सुरी उचलली आणि पुढचा दोडका घेतला.

*

त्या वर्षी शाळेत भौतिकशास्त्राला नवे सर आले. उंच, हडकुळे, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेली, लहान मुलासारखे दप्तराचे दोन्ही पट्टे खांद्यांवर. शिकवणीच्या क्लासमधली बऱ्या पगाराची जागा सोडून, वडिलांशी अबोला धरून ते शाळेत शिरले होते. ही त्यांची दुसरी शाळा. पहिलीनं एका सत्रात हातात नारळ दिला होता. इथंही वर्षभर कच्चीच नोकरी, आणि पहिल्या सत्राच्या शेवटी ठेवायचं की नाही हे ठरणार. दोन शाळांनी नको म्हटलेल्या माणसाला तिसरी दारात उभं करत नाही, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. हे सगळं त्यांनी पहिल्याच दिवशी बाईंना सांगून टाकलं, कारण बाईंनी फार आपुलकीनं विचारलं होतं.

आपुलकीच्या भरात बाईंनी वचनही दिलं. "बुधवारी चौथा तास मला मोकळा असतो आणि तुमचा तेव्हा नववी बवर तास आहे. दर बुधवारी मी मागे येऊन बसेन. नंतर निवांत बोलू. घाबरायचं काही कारण नाही."

नव्या सरांनी ते अक्षरशः धरून ठेवलं. पहिल्या बुधवारी त्यांनी शिक्षकखोलीतून एक खुर्ची उचलून नेली, फडक्यानं पुसली आणि वर्गाच्या मागच्या भिंतीला लावून ठेवली. त्या बुधवारी बाईंना सातवीवर बदली लागली. पुढच्या बुधवारी सहलीची बैठक निघाली. नंतर कधी गळका नळ फुटला, कधी एका मुलीचे पालक तावातावानं येऊन बसले. प्रत्येक वेळी कारण खरं होतं. हीच तर बाईंची खरी अडचण होती: खोटं कारण असतं तर निदान लाज तरी वेळेवर वाटली असती.

मग राहिला जिना. प्रयोगशाळा वरच्या मजल्यावर आणि नववी ब खाली, त्यामुळे दोन तासांच्या मध्ये जिन्याच्या वळणावर दोघांची गाठ पडायची. बाई चढताना आणि सर उतरताना. आपण यांच्यासाठी काही करत नाही ही टोचणी बाईंच्या मनाला होतीच, म्हणून त्या तिथल्या तिथे, धापा टाकत, विभागप्रमुखाचं कर्तव्य उरकून घ्यायच्या.

"वर्ग कसा चाललाय? हे बघा, मी नवी होते ना, तेव्हा आमच्या विभागप्रमुखांनी मला सांगितलं होतं, सहामाही होईपर्यंत वर्गात हसायचं नाही—"

घंटा झाली. बाई वर पळाल्या. "उरलेलं बुधवारी!" त्या वरूनच म्हणाल्या.

दुसऱ्या एका दिवशी: "आणि काही जण तुम्हाला सांगतील, मुलांकडे पाठ म्हणून करायची नाही—"

घंटा.

आणखी एकदा: "मुलांच्या प्रश्नांचं कसं आहे, ते शेवटच्या पाच मिनिटांसाठी राखून ठेवायचे असतात, असं पुस्तकात म्हणतात—"

घंटा. नवे सर दर वेळी मान डोलवायचे आणि ओठांतल्या ओठांत घोकत खाली जायचे. बाईंना बरं वाटायचं. आपण काही अगदीच वाऱ्यावर सोडलेलं नाही त्यांना, असं त्या मनाशी म्हणायच्या आणि विसरून जायच्या.

*

सत्र संपत आलं तशी मुख्याध्यापिकांनी बाईंना बोलावून घेतलं. मुख्याध्यापिका मोजकं बोलणाऱ्या. त्यांच्यासमोर बसलं की बाईंना आपण नको तिथे हसू असं वाटत राहायचं.

"नव्या सरांबद्दल तक्रारी आहेत," त्या म्हणाल्या. "ते म्हणे कधी हसत नाहीत. मुलांना भीती वाटते. फळ्यावर लिहिताना आडवे उभे राहतात, भिंतीला खांदा लावून. त्यामुळे अक्षरं उताराला लागतात. एका पालकांनी मला विचारलं, सरांची मान धरली आहे का. आणि कुणी प्रश्न विचारला की उत्तर न देता घड्याळाकडे बघतात. तुम्हाला काय वाटतं?"

आता इथे कुणाही शहाण्या माणसाच्या डोक्यात काहीतरी वाजलं असतं. घाईबाईंच्या डोक्यात त्या वेळी दहावीचे पेपर होते. त्या म्हणाल्या, "थोडे विचित्र आहेत खरे."

"तुम्ही त्यांच्या वर्गात बसता ना?"

"या बुधवारी बसतेय," बाई म्हणाल्या. खोटं बोलल्या नाहीत. पण मुख्याध्यापिकांनी जरा वेळ त्यांच्याकडे बघितलं, तेव्हा बाईंनी पदर उगाचच सारखा केला.

"ठीक आहे. शुक्रवारी मला तुमचं मत सांगा. तुम्ही नको म्हणालात तर सत्राअखेरीला त्यांना मोकळं करू. माझ्याकडे दुसऱ्या एकांचा अर्ज येऊन पडलाय."

दाराबाहेर आल्यावर बाईंना उमगलं. एका माणसाची भाकरी आपल्या मतावर लटकली आहे आणि आपल्याला मतच नाही. त्यांना त्या पुसलेल्या खुर्चीबद्दल अजून ठाऊक नव्हतं, हे एक बरं होतं.

त्या तडक चिठ्ठीसरांकडे गेल्या. वाटेत त्यांनी ओट्याजवळची तालीम मनात दोनदा उजळली.

"सर, या बुधवारी चौथ्या तासाला मी नववी बमध्ये असणार आहे. काहीही झालं तरी. जग बुडालं तरी मला तिथून हलवायचं नाही."

"चौथा तास," चिठ्ठीसरांनी लिहून घेतलं. "नववी ब. तुम्ही. पक्कं?"

"पक्कं."

"नक्की ना बाई? आयत्या वेळी फिरवाल."

"नाही फिरवणार."

चिठ्ठीसरांचा चेहरा उजळला. त्यांनी बाईंचे आभारसुद्धा मानले. बाईंना वाटलं, माणूस ठामपणे बोलला की समोरचा कसा मान देतो बघा. घरी जाऊन त्यांनी हा प्रसंग यजमानांना दोनदा सांगितला, दुसऱ्या वेळी स्वतःचा आवाज थोडा वाढवून. यजमान म्हणाले, "त्यांनी आभार कशाचे मानले?" बाई म्हणाल्या, "तुम्हाला प्रत्येकात खोट काढायची सवयच आहे."

*

बुधवारी बाई चक्क घंटेआधी नववी बच्या दारात हजर झाल्या. हातात पेपर नाहीत, किल्ल्या नाहीत. मुलं उभी राहिली. मागच्या भिंतीपाशी एक खुर्ची होती आणि तिच्यावर मुलांच्या दप्तरांचा ढीग.

"ही कुणाची खुर्ची?"

"तुमची, बाई," एक मुलगी म्हणाली. ती वर्गाची मॉनिटर होती. "सर दर बुधवारी पुसून ठेवतात. तुम्ही येत नाही म्हणून आम्ही दप्तरं ठेवायला लागलो."

मुलांनी पटापट दप्तरं उचलली. बाई बसल्या. त्यांचे कान गरम झाले होते. आपण या खुर्चीवर न बसण्यात किती बुधवार घालवले हे त्यांना मोजावंसं वाटलं नाही.

घंटा झाली. सर आले नाहीत. वर्ग थोडा वेळ फळ्याकडे तोंड करून बसला. मग एकेक मान मागे वळू लागली आणि सगळा वर्ग बाईंकडे बघत बसला, आणि बाई वर्गाकडे.

शेवटी मॉनिटरनं धीर करून विचारलं, "बाई, तुम्ही तिथूनच शिकवणार आहात का?"

"मी कशाला शिकवू? सर कुठे आहेत?"

"ते सहावी अवर गेले. चित्रकलेच्या बाई आल्या नाहीत ना, तिथे बदलीला. सकाळीच चिठ्ठी आली. या तासाला इकडे तुम्ही आहात म्हणून."

बाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. चिठ्ठीसरांचा तो उजळलेला चेहरा, ते आभार. एका वर्गात दोन शिक्षक ही चैन त्या डोळ्यांना दिसणंच शक्य नव्हतं. बाई सांगत होत्या की मी तिथे बघायला बसणार, आणि चिठ्ठीसरांनी ऐकलं होतं की एक माणूस सुटला. आयुष्यात पहिल्यांदा बाईंनी आपला मोकळा तास छातीठोकपणे वाचवला, आणि तो स्वतःच्या हातानं नववी बला वाहून टाकला. त्यांना स्वतःची इतकी कीव आली की हसूच आलं.

पण आज त्यांना मागे फिरायचं नव्हतं. शिपाई मावशी पाण्याची घागर घेऊन समोरून चालल्या होत्या. बाईंनी त्यांना दारात गाठलं.

"मावशी, तुम्ही मोकळ्याच आहात ना?"

मावशींनी त्यांच्याकडे असं बघितलं, जणू हा प्रश्न विचारण्याचा हक्क फक्त त्यांचा होता. "मी कुठली मोकळी, बाई?"

"पाचच मिनिटं दारात उभ्या राहा," असं म्हणून बाई निघाल्यासुद्धा. हे वाक्य दुसऱ्या बाजूनं म्हणायला किती सोपं असतं, हे त्यांना तेव्हा कळलं.

*

सहावी अ व्हरांड्याच्या टोकाला. बाई ठरवून आल्या होत्या की सरांना बोलावायचं, त्यांच्या वर्गावर पाठवायचं आणि चित्रकलेचा तास आपण घ्यायचा. पण खिडकीशी आल्या आणि थबकल्या. आत सगळा वर्ग बाकांवर गाल टेकवून बसला होता. काही मुलं खाली वाकून बाकाच्या लोखंडी पायाला गाल लावत होती, आणि सर स्वतः खिडकीच्या गजाला गाल चिकटवून उभे होते.

"लागतंय की नाही गार?" ते विचारत होते.

"लागतंय, सर."

"आणि लाकूड?"

"लाकूड नाही लागत."

"पण दोन्ही एकाच खोलीत रात्रभर होती. मग लोखंडाला वेगळी थंडी वाजली का?"

वर्ग खिदळला. सरही हसले, चांगले दात दाखवून, पोटापासून. मग ते गर्रकन वळले, वर्गाकडे पूर्ण पाठ केली आणि फळ्यावर भराभर एक हात काढायला लागले, हातातून बाहेर पडणारी उष्णता बाणांनी दाखवत. अक्षरं सरळ रेषेत होती. एक मुलगा मध्येच उठून म्हणाला, "सर, मग घोंगडीत मुळात ऊब असते की आपलीच असते?" आणि सर खडू हवेत धरून म्हणाले, "अरे, हे फार छान विचारलंस. थांब, तेच आधी बघू."

बाई विज्ञान शिकवत म्हाताऱ्या व्हायला आल्या होत्या. असा तास आपला शेवटचा कधी झाला, हे त्यांना आठवेना. ज्याला आपण विचित्र म्हणून आलो तो हा माणूस.

सरांची नजर खिडकीकडे गेली. आणि बाईंच्या डोळ्यांदेखत त्या चेहऱ्यावरचं हसू पुसलं गेलं. ते तिरके झाले, खांदा भिंतीला लावला आणि मान वाकडी करून उभे राहिले.

बाईंनी त्यांना दाराबाहेर बोलावलं.

"माफ करा, बाई," सर घाईघाईनं म्हणाले. "हा माझा वर्ग नाही, चित्रकलेचा तास आहे, म्हणून जरा सैल सोडलं. एका मुलानं विचारलं बाक गार का लागतो, आणि मग राहवलं नाही. नववीत मी असं कधीच करत नाही. तिथे नियम पाळतो."

"कसले नियम?"

"तुमचे," सर म्हणाले. बाई आपली परीक्षा घेतायत असं त्यांना वाटलं असावं, कारण त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. "सहामाही होईपर्यंत हसायचं नाही. मुलांकडे पाठ करायची नाही. ते फार अवघड जातं, खांदा दुखतो, पण होतंय हळूहळू. आणि प्रश्न शेवटच्या पाच मिनिटांत. मधेच कुणी विचारलं तर मी घड्याळ बघतो, की त्याला कळावं अजून वेळ आहे."

बाईंनी दाराची चौकट धरली. आता त्यांना आठवलं. जिना, धापा, घंटा, सगळं आठवलं. अहो, हसायचं नाही असं मला सांगितलं होतं आणि मी मूर्खासारखी वर्षभर तोंड फुगवून हिंडले, तुम्ही असलं काही ऐकू नका, असं त्या म्हणणार होत्या. पाठ करायची नाही असं लोक सांगतील, पण पाठ केल्याशिवाय फळ्यावर लिहिता येत नाही, असं म्हणणार होत्या. आणि प्रश्नांचं पुस्तकात काही का म्हणेनात, चांगला प्रश्न आला की धडा बाजूला ठेवून त्याच्या मागे जायचं, हे तर त्यांना सगळ्यात जास्त सांगायचं होतं. या माणसाबद्दलच्या सगळ्या तक्रारी म्हणजे त्यांचीच अर्धी वाक्यं होती.

"तुम्ही मला विचारलं का नाही, पुढचं काय म्हणून?"

"पुढचं तुम्ही बुधवारी सांगणार होता," सर म्हणाले. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

"अहो, ते सगळं मी उलट—"

घंटा झाली. बाईंचा दहावीचा तास होता. त्या जिन्याच्या निम्म्यात पोचल्या तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की आपण आत्ता पुन्हा तेच केलं.

*

शुक्रवारपर्यंत वाट बघायची बाईंची तयारी नव्हती. शाळा सुटताच त्या मुख्याध्यापिकांच्या खोलीत जाऊन बसल्या.

"नव्या सरांबद्दल सांगायला आलेय. ज्या ज्या तक्रारी आल्या त्या सगळ्या खऱ्या आहेत. फक्त त्या त्यांच्याबद्दल नाहीत, माझ्याबद्दल आहेत." आणि त्यांनी सांगून टाकलं. खुर्ची, दप्तरं, वाकडी मान, सहावीतला गजाला लावलेला गाल. स्वतःला कुठे झाकलं नाही. "परवा मीच तुमच्यासमोर त्यांना विचित्र म्हणाले. त्यांचा दोष इतकाच की ते आपल्या विभागप्रमुखाचं ऐकतात. एवढ्यासाठी माणूस घरी पाठवायचा असेल तर मला पाठवा. निदान यजमानांना भाजी चिरायला मदत होईल."

मुख्याध्यापिका हसल्या नाहीत, पण त्यांनी पेन खाली ठेवलं.

"बाई, पण हे हसायचं नाही वगैरे, हे तुमच्या डोक्यात आलं कुठून?"

"माझ्या वेळच्या विभागप्रमुखांनी सांगितलं होतं. खडूस माणूस. मी ही गोष्ट कितीतरी वेळा सांगितलीय शिक्षकखोलीत, सगळे हसतात." बाईंनी त्या जुन्या सरांचा घोगरा आवाजही काढून दाखवला. "'सहामाही होईपर्यंत वर्गात हसायचं नाही.'"

"मी थोडं ऐकलंय त्यांच्याबद्दल. मुलं फार जीव टाकायची म्हणे त्यांच्यावर. त्यांनी असं सांगितलं? कुठे, बैठकीत?"

"नाही. जिन्यात," बाई म्हणाल्या.

आणि तो शब्द त्यांच्याच कानावर पडला.

त्यांना तो जिना दिसला. ते जुने सर वरून उतरत होते, काखेत उत्तरपत्रिकांचा गठ्ठा, कपाळावर घाम. ते धापा टाकत होते. त्यांनी ते वाक्य म्हटलं आणि बोट वर केलं, जसं पुढे काहीतरी सांगायचं असताना माणूस करतो. तोंड उघडं होतं. तेवढ्यात घंटा झाली, आणि नवी कोरी, उशिराला घाबरणारी ती मुलगी दोन दोन पायऱ्या टाकत वर्गाकडे पळाली. सर बोट वर करून तिथेच उभे राहिले असतील. त्याच वर्षी ते निवृत्त झाले, आणि त्यांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या अर्ध्या वाक्यावर बाई आजवर लोकांना हसवत आल्या होत्या.

बाईंना फार वाईट वाटलं. सर पुढे काय म्हणणार होते, हे आता कुणीच सांगू शकणार नव्हतं.

मुख्याध्यापिकांनी पाण्याचा पेला त्यांच्याकडे सरकवला. त्या म्हणाल्या, "नवे सर राहतील. त्या दुसऱ्या अर्जाला मी नकार कळवते. पण पालकांना उत्तर तुम्ही द्यायचं, चूक कुणाची होती ते सांगून. आणि पुढच्या सत्रात दर बुधवारी तुम्ही त्या खुर्चीवर दिसल्या पाहिजेत. चिठ्ठीसरांशी मी बोलते. तुम्ही बसायचं ते नवे सर वर्गात असतानाच, हेही त्यांना समजावते."

"हो," बाई म्हणाल्या. बघते म्हणाल्या नाहीत.

*

दुसऱ्या दिवशी दोन तासांच्या मध्ये जिन्याच्या वळणावर दोघांची गाठ पडली. नोकरी टिकल्याचं सरांना सकाळीच कळलं होतं. भिंतीला अंग चोरून बाईंना वाट देत ते म्हणाले, "बाई, काल तुम्ही म्हणालात, सगळं उलट. पण कुठपर्यंत उलट? म्हणजे नेमकं किती हसायचं?"

"सांगते," बाई म्हणाल्या. "सहामाही होईपर्यंत वर्गात हसायचं नाही, असं मला माझ्या सरांनी इथेच सांगितलं होतं. याच्या पुढे त्यांना आणखी काही सांगायचं होतं. ते मी ऐकलं नाही. मी पळाले."

घंटा झाली. सरांनी सवयीनं एक पाय खालच्या पायरीवर टाकला. बाईंनी त्यांच्या दप्तराचा पट्टा धरला.

"थांबा."

वर दहावीचा गलका सुरू झाला होता, खाली नववीचा. जिन्याच्या तळाशी शिपाई मावशी हातात चिठ्ठी घेऊन उभ्या राहिल्या. "बाई, तुम्ही मोकळ्याच आहात ना?"

"नाही, मावशी," बाई म्हणाल्या.

त्यांनी हातातले पेपर पायरीवर ठेवले, शेजारी स्वतः बसल्या, सरांना बसायला जागा करून दिली आणि पहिल्या वाक्यापासून सांगायला घेतलं.